भिंतीत गाडलेला जॉइंट



या पानावर मी मोसंबी, ड्रिप, पाऊस आणि बाजारभाव एवढंच लिहितो. आजची नोंद मात्र न्हाणीतली आहे. गेले चार दिवस मी बागेत कमी आणि घरात छन्नी-हातोडा घेऊन जास्त आहे. जे सापडलं ते बघून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. लांब झालं तर माफ करा, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरात हेच निघणार आहे.

दोन वर्षांपूर्वी घराला दोन खोल्या आणि न्हाणी-संडास वाढवला. त्या वेळी मी प्लंबरला म्हटलं होतं, माझ्याकडं पिण्याच्या पाण्याच्या ग्रेडचा एचडीपीई पाईप पडून आहे, कॉम्प्रेशन फिटिंगचं एक पोतंभर सामान आहे, थंड पाण्याची लाइन त्यातच भिंतीवरून घेऊ. तो हसला. म्हणाला, "दादा, हे काय ड्रिप आहे का? नुसतं खुपसून बसवलेलं घरात चालत नसतं. सोल्युशन लावून भिंतीत गाडलं की पन्नास वर्षं बघायचं काम नाही." घरच्यांनीही त्याचीच बाजू घेतली. भिंतीवर पाईप दिसले तर गोठा वाटेल म्हणे. तालुक्याच्या गावात पाहुण्यांकडं सगळं कन्सील आहे, मग आपल्याकडं का नको? मी गप बसलो. भिंतीला झिऱ्या मारल्या, पाईप बसले, वरून प्लास्टर, वरून टाइल. दिसायला झकास.

गेल्या दिवाळीपासून टाकी लवकर रिकामी व्हायला लागली. हजार लिटरची टाकी. आमच्या गावाला नळाचं पाणी चार दिवसांआड तास-दीड तास येतं. उन्हाळ्यात तेही लांबतं, मग टँकर. त्यामुळं टाकीत किती आहे हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. संशय आधी पोरांवर गेला. मग गोठ्यावर. मग आईवर. आई सत्तरीची आहे, हात थरथरतो, नळ नीट बंद होत नाही तिच्याकडून. मी दोन-तीनदा तिला बोललो. एकदा जरा जास्तच बोललो. चैत्र लागल्यावर बायकोनं सांगितलं की आई एक दिवसाआड अंघोळ करते. कधीपासून, तर महिना झाला. कुणाला काही न सांगता तिनं आपला कोटा कमी केला होता.

त्या रात्री मी शेतातलं डोकं घरात वापरलं. ड्रिपमध्ये गळती शोधायची तर आपण काय करतो? सगळे व्हॉल्व्ह बंद करून मीटर बघतो. घरात मीटर नाही, पण टाकी आहे. रात्री आठला सगळे नळ बंद केले, संडासाचा फ्लश टँकचा कॉक बंद केला, टाकीत पाण्याच्या पातळीला आतून खूण केली आणि घरच्यांना सांगितलं की सकाळपर्यंत कुणी नळाला हात लावायचा नाही, पिंपातलं पाणी वापरा. सकाळी पाचला पाणी खुणेच्या खाली. बादलीनं मोजून परत खुणेपर्यंत भरलं. अठरा लिटरच्या दोन बादल्या लागल्या. नऊ तासांत ३६ लिटर. म्हणजे तासाला चार लिटर.

चार लिटरचा ड्रीपर! आमच्या मोसंबीच्या झाडाला लावलेला असतो तो एक ड्रीपर माझ्या भिंतीत रात्रंदिवस चालू होता. चोवीस तासांचे ९६ लिटर. जल जीवन मिशननं २०१९ पासून गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरलंय. त्या हिशेबानं जवळपास दोन माणसांचं पाणी माझी भिंत पीत होती आणि मी आईला बोलत होतो.

भिंत फोडली. अकरा टाइल गेल्या. आतल्या विटा इतक्या ओल्या की बोट दाबलं तर भुगा निघत होता. शॉवरच्या नळाकडं वळणारा एल्बो मोकळा केला, पाईपला हात घातला आणि हलकं ओढलं. पाईप हातात आला. तोंड पांढरंस्वच्छ. सोल्युशनचा थेंबसुद्धा नाही. जोडणीआधी मापं बघायला सगळं कोरडं बसवून घेतात ना, तसं बसवलं होतं आणि चिकटवताना हा एक एल्बो राहून गेला होता.

आता गंमत बघा. जो माणूस मला सांगत होता की नुसतं खुपसलेलं घरात चालत नाही, त्यानंच नुसतं खुपसलेलं भिंतीत गाडून वर टाइल लावली. आणि ते दीड वर्ष टिकलंही! टिकलं याचं कारण साधं आहे. सोल्युशनवाल्या फिटिंगचं सॉकेट आतल्या बाजूला किंचित निमुळतं असतं, पाईप दाबला की घट्ट बसतो. माझी टाकी न्हाणीच्या नळापासून साडेतीन मीटर वर. दहा मीटर पाण्याला साधारण एक किलो प्रेशर, म्हणजे इथं साडेतीनशे ग्रॅम. तेवढ्याला कोरडा पाईपही काही दिवस धरून राहतो. मग थंडी-गरमीत पाईप आखडतो, पसरतो, नळ झटक्यात बंद केला की हलतो आणि एक दिवस ठिबकायला लागतो.

चूक कुणाकडूनही होते. मी स्वतः एकदा सबमेनला एंड कॅप न लावता मोटर चालू केलीय. पण माझी चूक पाच मिनिटांत दिसली, कारण पाणी उडालं. त्याची चूक दिसायला दीड वर्ष आणि अकरा टाइल लागल्या. माझं भांडण या दीड वर्षाशी आहे.

आता खुपसण्याच्या जॉइंटबद्दल. इथं आपल्याच लोकांत मोठा गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

'खुपसलेला' म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात जातात. पहिला हा कोरडा जॉइंट. त्यात ना रबर, ना चिकट, ना दात. तो जॉइंटच नव्हे. दुसरा आपला ड्रिपचा जॉइनर. त्याला बाहेरून काटे असतात आणि लॅटरल त्याच्यावर ताणून चढवतो. पाईपच्या ताणावरच तो टिकतो. मे महिन्यात दुपारी लॅटरल तापून मऊ पडली की ताण सैल होतो आणि प्रेशर जरा वाढलं की जॉइनर निसटतो. आपण सगळ्यांनी हे सोसलंय, म्हणूनच 'प्लास्टिकचं खुपसलेलं' म्हटलं की शेतकऱ्याचाही विश्वास बसत नाही.

तिसरा जॉइंट खरा पुश-फिट. तो बघायला लांब जाऊ नका, घरात आरओचं मशीन असेल तर त्याचं झाकण उघडा. बारीक पांढरी नळी फिटिंगमध्ये नुसती घातलेली दिसेल. ओढून बघा, येणार नाही. तोंडाची कॉलर बोटानं दाबून धरा आणि ओढा, अलगद येईल. आत दोन वेगळी कामं करणारे दोन भाग असतात. रबराची ओ-रिंग पाईपला बाहेरून आवळून पाणी अडवते आणि दात असलेली कडी पाईपला धरून ठेवते. पाणी मागं ढकलायला लागलं की दात आणखी रुततात. जॉइनर आतून ताणतो, हा बाहेरून पकडतो. इंग्लंडमध्ये घराच्या नळकामात अशा फिटिंग गेली कित्येक वर्षं नेहमीच्या आहेत, गरम पाण्यालासुद्धा, अर्थात त्यासाठी बनवलेल्या पाईपबरोबर.

आपल्याकडं तालुक्याच्या दुकानात घरच्या मापात याची भावकी सहज मिळते, ती म्हणजे एचडीपीईची कॉम्प्रेशन फिटिंग. तत्त्व तेच. ओ-रिंग पाणी अडवते, फाटलेली दातेरी रिंग पाईप धरते, फक्त वरून नट आवळायचा असतो. नळजोडणीच्या वेळी मेन लाइनपासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत निळा किंवा काळा पाईप आला असेल तर बघा, बहुतेक याच फिटिंगनं जोडलेला असेल. म्हणजे रस्त्याखालून, गाड्यांच्या वजनाखालून, दारापर्यंत हा जॉइंट चालतो आणि उंबरा ओलांडला की एकदम गोठ्याचा होतो!

आणखी एक. हाच प्लंबर संडासाचा चार इंची पाईप बसवताना काय करतो? रबर रिंगवाला पाईप घेतो, साबण लावतो आणि खुपसतो. नीट काम करणारा असेल तर पूर्ण आत घालून खूण करतो आणि दहा मिलीमीटर मागं ओढतो, पाईपला पसरायला जागा राहावी म्हणून. मैला वाहून न्यायला रबर रिंग चालते, पाणी आणायला चालत नाही, हे कुठलं शास्त्र? त्या पाईपात प्रेशर नसतं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या न्हाणीत तरी किती आहे? साडेतीनशे ग्रॅम. माझं ड्रिप याच्या तिप्पट प्रेशरवर चालतं आणि तिथं कॉम्प्रेशन कपलर बारा वर्षं मातीत आहेत.

सोल्युशनचा जॉइंट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. नीट केला तर तो पाईपाइतकाच पक्का होतो. सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते पाईपाचा आणि फिटिंगचा वरचा थर विरघळवतं आणि दोन्ही एकजीव करतं. पण त्यासाठी पाईप कोरडा हवा, स्वच्छ हवा, पीव्हीसीला पीव्हीसीचं आणि सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचं सोल्युशन हवं, आणि पाणी सोडण्याआधी वाळायला वेळ हवा. थंडीत तो वेळ आणखी वाढतो. आमच्याकडं काय चालतं? एकच डबा सगळ्याला. घट्ट झाला की त्यात थिनर. पाईपातून पाणी टिपकत असताना फडक्यानं पुसून लगेच जोडायचं आणि तासाभरात मोटर चालू, कारण मिस्तरीला दुसऱ्या गावी जायचं असतं. सोल्युशनचा जॉइंट शिस्तीच्या माणसासाठी आहे. आणि एकदा चुकला की सुधारता येत नाही, कापूनच काढावा लागतो. कॉम्प्रेशन जॉइंट ओल्या पाईपवर बसतो, चुकला तर नट सोडून परत बसतो, आणि माझी दहावीतली पोरगी तो बसवू शकते. बसवलाच तिनं, परवा.

विरोधात बोलण्यासारखंही पुष्कळ आहे, ते लपवत नाही. अमेरिकेत १९७८ पासून लाखो घरांत पॉलिब्युटिलीन नावाचा करडा प्लास्टिक पाईप घातला गेला. पाण्यातल्या क्लोरीननं तो पाईप आणि त्याच्या प्लास्टिक फिटिंग आतून ठिसूळ झाल्या, घरं भिजली, कोर्टकचेरी झाली आणि १९९५ साली कंपन्यांना सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. ते जॉइंट बहुतेक कड्या आवळून बसवलेले होते, पुश-फिट नव्हते. तरी धडा आपल्यालाही लागू आहे. प्लास्टिक म्हणजे एकच वस्तू नव्हे. कुठलं प्लास्टिक, कुठल्या पाण्याला, किती गरम, हे न विचारता घातलं तर पुढची पिढी भोगते. तिथंही खूप पाईप भिंतीत आणि फरशीखाली होते, हेही लक्षात घ्या.

रबर रिंगसुद्धा अमर नाही. हलक्या फिटिंगमधली रिंग कडक होते, तिला चिरा पडतात. उंदीर पॉलिथिलीन कुरतडतात. उन्हाळ्यात खारी आणि उंदीर लॅटरलचं काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. घरातही माळ्यावरून पाईप नेला तर तेच होणार. उन्हाचा प्रश्न आहेच. काळा एचडीपीई उन्हाला टिकतो, पण फुगतो भरपूर. मीटरभर पाईप एका अंश तापमानाला साधारण ०.२ मिलीमीटर वाढतो. सहा मीटर लांबी आणि चाळीस अंशांचा फरक धरा, जवळपास पाच सेंटीमीटर झाले. पीव्हीसी त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका वाढतो. म्हणून एचडीपीई भिंतीवर ताणून सरळ लावला की उन्हात सापासारखा वळतो आणि मग प्लंबर म्हणतो, बघा, सांगितलं होतं. क्लॅम्प सैल ठेवायचे आणि कोपऱ्यात वाकायला जागा सोडायची. एवढं केलं की भागतं.

पण या सगळ्या दोषांचा निष्कर्ष माझ्या मते एकच निघतो. जो जॉइंट कधी ना कधी गळणार आहे, तो डोळ्यासमोर हवा. सोल्युशनचा असो, पुश-फिटचा असो, नाहीतर जुन्या लोखंडी पाईपाचा आट्याचा असो. ड्रिपमध्ये आपण सबमेन गाडतो, पण व्हॉल्व्ह आणि फिल्टर वर ठेवतो. का? हात पोचावा म्हणून. घरात मात्र आपण सगळा हात कापून भिंतीत पुरतो आणि वर डिझाइनच्या टाइल लावतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरचा माणूस भांडायला येतो तेव्हा तरी गळती कळते. आपल्या घराखाली माती आहे. ती बिचारी गप पिते.

आता दुसरी बाजू, आणि इथं मी आपल्या भावांवरच घसरणार आहे. वरचं वाचून कुणी 'चला, शेतातलंच सामान घरात' असं म्हणणार असेल तर थांबा.

सोळा एमएमची लॅटरल घरात पिण्याच्या पाण्याला वापरलेली मी चार घरांत पाहिलीय. ती त्यासाठी बनवलेली नाही. लॅटरलचं मानक आयएस १२७८६ हे सिंचनाचं आहे. पिण्याच्या पाण्याच्या एचडीपीई पाईपाचं मानक आयएस ४९८४. पाईपावर छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर दुकानदार काहीही सांगो, घेऊ नका. भंगारातून परत वितळवून केलेला पाईपही काळाच दिसतो.

दुसरं, शेतीचा हलका पीव्हीसी पाईप घरात. पाईपाचं तोंड पाचटाच्या जाळावर गरम करून फुगवायचं आणि त्यात दुसरा पाईप कोंबायचा. शेतात मी हजारदा केलंय. जाळानं पाईपाची जाडी एका बाजूला पातळ होते, कुठं करपतो, आणि घरात तो जॉइंट कधी धरतो, कधी धरत नाही. पीव्हीसी बनवताना शिसं असलेली रसायनं वापरण्याची पद्धत आपल्याकडं होती, त्यावर केंद्र सरकारनं २०२१ साली नियम केले. घरात लेकरं तेच पाणी पितात. तिथं बिनशिक्क्याचा पाईप घालून शंभर-दोनशे रुपये वाचवू नका.

तिसरं सगळ्यात वाईट, आणि कृषी सहायक, ड्रिपचे डीलर, सल्लागार वाचत असतील तर त्यांनी हे प्रत्येक भेटीत बघावं. शेतातल्या वस्तीवर राहणारे किती तरी जण ड्रिपच्या मेनलाइनलाच टी मारून घरात नळ घेतात. त्याच लाइनवर व्हेंचुरी असते. त्यातून युरिया जातो, विद्राव्य खतं जातात, लॅटरल साफ करायला ॲसिड जातं, काही जण मुळाशी द्यायचं कीटकनाशकही त्यातूनच सोडतात. मोटर बंद झाली, लाइन रिकामी होताना पाणी मागं ओढलं गेलं, की ते कुठल्या फाट्यानं कुठं जाईल याचा भरवसा नाही. घराची लाइन पंपापाशी, व्हेंचुरीच्या आधी, वेगळी काढा. दोन्हीकडं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. तेवढं करूनही पिण्याचं पाणी वेगळं ठेवता आलं तर उत्तम. शिवाय पॉलिथिलीनमधून डिझेल, पेट्रोल आणि औषधांतली द्रावणं हळूहळू आत झिरपतात. जिथं डिझेलचे कॅन ठेवता किंवा फवारणीचा पंप धुता, त्या जमिनीतून पिण्याचा पाईप नेऊ नका.

प्रति थेंब अधिक पीक असं शेतात आपण म्हणतो, अनुदान घेतो, तपासणीला साहेब येतात, लॅटरल मोजतात. घरच्या टाकीकडं एकदा तरी कुणी बघितलंय का? माझ्याकडंही कुणी बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

मी आता काय केलंय ते सांगतो. ज्यांना करायचंय त्यांच्या उपयोगाला येईल.

टाकीपासून न्हाणी, संडास आणि मोरीपर्यंत थंड पाण्याची सगळी लाइन २५ एमएम एचडीपीईमध्ये, भिंतीच्या बाहेरून. पाईप विळ्यानं किंवा हॅकसॉनं कापला नाही. कटर घेतला. तिरका काप आणि लोंबणारे धागे ओ-रिंगला चिरतात, निम्म्या गळत्या तिथूनच सुरू होतात. कापल्यावर कड चाकूनं किंचित तासली. फिटिंग पाईपाशेजारी धरून किती आत जायला पाहिजे ते मोजलं आणि मार्करनं रेघ मारली. रेघ नट्याशी भिडेपर्यंत पाईप आत. ओ-रिंगला साबणाचं पाणी. ग्रीस आणि पंपाचं ऑइल अजिबात नाही, त्यानं रबर फुगतं. नट हातानं घट्ट, मग पान्यानं थोडं. चेन पाना लावून अंगात आल्यासारखं आवळायचं नाही. कॉम्प्रेशनच्या नट्याला टेफ्लॉन टेप लागत नाही, ती फक्त नळ जिथं आट्यानं बसतो तिथं. तिथं पितळी आट्याची फिटिंग घ्या. प्लास्टिकच्या आट्यात नळ पिळला की आज ना उद्या तडकतो. बसवल्यावर प्रत्येक जॉइंट ओढून बघितला. मग पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि सकाळी प्रत्येक जॉइंटखाली कोरडं वर्तमानपत्र फिरवलं. एका टीला डाग लागला. नट सोडला तर आत रिंगवर वाळूचा कण. धुऊन परत बसवलं, पाच मिनिटांचं काम.

गरम पाणी मात्र यात नाही. एचडीपीई थंड पाण्याचाच आहे. सोलरचं पाणी दुपारी सत्तर अंशांच्या आसपास जातं, त्याला हा पाईप मऊ पडतो. ती लाइन सीपीव्हीसीत ठेवली, सोल्युशन लावूनच, सीपीव्हीसीच्याच डब्यातलं. पण तीही भिंतीच्या बाहेर आणि मध्ये दोन ठिकाणी युनियन, म्हणजे उघडायची वेळ आली तर कापावं लागणार नाही. प्रत्येक खोलीला वेगळा कॉक दिला. हा खर्च सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त. उंदराच्या भीतीनं माळ्यावरून एकही पाईप नेला नाही.

ज्यांचं आधीच कन्सील झालंय त्यांनी लगेच भिंती फोडू नका. रात्री नऊ तासांचं माप घ्या. खूण, बादली, हिशेब. पाणी जागेवर असेल तर सुखानं झोपा. कमी झालं असेल तर एकेक कॉक बंद करून परत माप घ्या, कुठल्या खोलीत आहे ते कळेल. मग फोडण्याऐवजी त्या खोलीची गाडलेली लाइन टाकीपाशी बंद करून भिंतीवरून नवी घेणंच बहुतेक वेळा स्वस्त पडतं. नवीन बांधणाऱ्यांनी मिस्तरीला आधीच सांगावं की टाइल लावायच्या आधी दोन दिवस लाइन भरून ठेवायची आणि पाईपांचे फोटो काढायचे. नाक मुरडेल. मुरडू द्या.

प्लंबरला बोलावून तो एल्बो दाखवला. भांडलो नाही. बराच वेळ हातात घेऊन बघत होता. म्हणाला, दादा, त्या दिवशी तीन ठिकाणची कामं होती. मी म्हटलं, माहितीये. टाइलचे पैसे देतो म्हणाला, मी नको म्हटलं. पण पुढच्या घरी काम भरून ठेवल्याशिवाय टाइलवाल्याला बोलवायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं. नव्या लाइनकडं बघून "दिसायला बरी नाही" म्हणालाच.

दिसायला बरी नाही हे खरंच आहे. काल रात्री परत खूण करून टाकी बघितली, सकाळी पाणी खुणेवर होतं. आईला सांगितलं, रोज अंघोळ कर. ती म्हणाली, बघू. आज सकाळी न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. आणि बायकोनं नव्या पाईपवर टॉवेल वाळत घातलेत. ते काढायला सांगितलंय, क्लॅम्प हलतात.